जुनी गाडी सुरू होत नाही? भाग बदलण्याआधी ठिणगी शोधा

धंदा लहान असो वा मोठा, माल वेळेवर पोहोचला तरच गिऱ्हाईक टिकते. आपल्या वाचकांत फळांचे, कापडाचे, बेकरीचे, फर्निचरचे काम करणारे अनेक जण आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या दारात आजही जुनी मारुती व्हॅन किंवा मारुती ८०० उभी असते, क्वचित एखादी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडरही दिसते. पहाटे मार्केटला निघायच्या वेळी सेल्फ नुसता फिरत राहतो आणि इंजिन काही पेटत नाही, हा प्रकार अशा गाडीच्या मालकाला नवा नाही.

मग घाई सुरू होते. शेजारी म्हणतो प्लग बदला. दुसरा म्हणतो कॉइल गेली. गॅरेजवाला येतो आणि अंदाजाने कंडेन्सर बदलून पाहतो. संध्याकाळपर्यंत तीन-चार नवे भाग बसलेले असतात, दिवसाचा धंदा बुडालेला असतो, आणि खरा दोष बॅटरीच्या सैल पट्टीत किंवा उंदराने कुरतडलेल्या वायरीत तसाच राहिलेला असतो. पैसे जातात ते जातातच, पण मालक आणि कारागीर यांच्यातला विश्वासही जातो. म्हणून या लेखात आम्ही एकच गोष्ट पटवून देणार आहोत. ठिणगीचा दोष अंदाजाने नव्हे, तर क्रमाने शोधायचा असतो. हा क्रम ज्याला पाठ आहे, तो घरच्या घरी अर्ध्या तासात दोष कुठे आहे हे सांगू शकतो. दुरुस्ती स्वतः करायची की उस्तादाकडून करवून घ्यायची, हे त्यानंतर ठरवावे.

हा लेख कोणत्या गाड्यांसाठी?

मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. पुढे ओम्नी नावाने ओळखली गेलेली व्हॅन १९८४ पासून २०१९ पर्यंत बनत होती. ॲम्बेसेडरही २०१४ मध्ये बंद झाली. मुंबईची नोंदणी असलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तरीही खासगी मालकांकडे यांतील गाड्या अजून आहेत. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांसाठी वाढवून मिळते. अशी नोंदणी वाढवलेली गाडी धडधाकट ठेवणे हे मालकाच्याच हिताचे आहे.

२००० सालाच्या सुमारास आपल्याकडे कार्बोरेटर मागे पडून इंजेक्शनची, म्हणजे बोलीभाषेत एमपीएफआय गाडी आली. तिच्यात ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. आम्ही येथे जे सांगत आहोत ते मुख्यतः कार्बोरेटर आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीसाठी आहे. एमपीएफआय गाडीत बॅटरी, प्लग आणि वायरी पाहण्यापुरतेच ते वापरावे. तिच्या बाकीच्या तारा ओढून पाहू नयेत.

ठिणगी तयार कशी होते?

इंजिन चालायला पेट्रोल, हवा आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी या तीन गोष्टी लागतात. बॅटरी १२ व्होल्टची असते. एवढ्या दाबाने प्लगच्या टोकांमधील फट ओलांडता येत नाही, त्यासाठी १५ ते २० हजार व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त दाब लागतो. हा दाब कॉइल तयार करते. कॉइलमध्ये जाड तारेचे थोडे वेढे आणि बारीक तारेचे हजारो वेढे एकाच लोखंडी गाभ्यावर असतात. जाड तारेतून वीज वाहत असताना ती एकदम तोडली की बारीक तारेत प्रचंड दाबाचा झटका उठतो. वीज तोडण्याचे काम डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट करतात. पॉइंट उघडताना त्यांच्यात स्वतःतच ठिणगी पडून ते जळू नयेत आणि वीज झटकन तुटावी, म्हणून शेजारी कंडेन्सर असतो. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१० च्या सुमारास ही पद्धत मोटारीसाठी वापरात आणली आणि पुढे जगभरच्या गाड्या अनेक दशके तिच्यावरच चालल्या.

कॉइलमधून निघालेला झटका मधल्या जाड वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात येतो. टोपणाखाली फिरणारा रोटर तो पाळीपाळीने प्रत्येक प्लगच्या वायरीला वाटून देतो. मारुतीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात मिनिटाला ३००० फेरे होत असताना सेकंदाला ७५ ठिणग्या पडतात. चार सिलिंडरच्या इंजिनात त्या १०० होतात. एवढ्या घाईच्या कामात थोडा गंज, थोडा ओलावा किंवा केसाएवढी फट कमीजास्त झाली तरी इंजिन अडखळते, याचे नवल वाटायला नको.

म्हणजे मार्ग दोन आहेत. पहिला १२ व्होल्टचा आहे. तो बॅटरीपासून किल्ली, कॉइल, पॉइंट आणि अर्थिंग असा जातो. दुसरा हजारो व्होल्टचा आहे. तो कॉइलपासून मधली वायर, टोपण, रोटर, प्लगची वायर आणि प्लग असा जातो. दोष कोणत्या मार्गात आहे हे आधी ठरवले की निम्मे काम झाले.

आधी सावधगिरी

गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि हँडब्रेक ओढा. अंगठी, धातूचे घड्याळ काढून ठेवा. बाह्या आणि रुमाल पंख्याच्या पट्ट्यापासून दूर राहतील असे पाहा. पेट्रोलचा वास येत असेल तर गळती सापडून ती बंद होईपर्यंत ठिणगीची कोणतीही तपासणी करू नका. विडी-सिगारेट दूर ठेवा. चालत्या इंजिनाच्या प्लगच्या वायरी हाताने उपसू नका. ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवला आहे त्यांनी या कामात हात घालू नये. किल्ली ऑन ठेवून इंजिन बंद अशा अवस्थेत गाडी जास्त वेळ ठेवू नका. त्या वेळी पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापून खराब होते.

साहित्य फार लागत नाही. प्लग खोलायचा पाना, रबरी मुठीची पकड, १२ व्होल्टचा छोटा दिवा लावलेल्या दोन तारा, साधा मीटर, फिलर गेज, बारीक पॉलिश पेपर, कोरडे फडके आणि एक चांगला जादा प्लग पुरेसा आहे. वही आणि पेन्सिलही जवळ ठेवा. त्यांचा उपयोग पुढे सांगतो.

गाडी काय सांगते ते ऐका

बोनेट उघडण्याआधी, व्हॅन असेल तर पुढची सीट उचलण्याआधी, गाडी नेमकी केव्हा दगा देते ते स्वतःला विचारा.

सेल्फ फिरतच नाही किंवा कण्हत फिरतो, तर ठिणगीचा विचार नंतर, बॅटरी आधी.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन एकदाही पेटत नाही, तर ठिणगी किंवा पेट्रोल यांपैकी एक नाही.

सेल्फ मारताना इंजिन पेटते आणि किल्ली सोडताच मरते, तर किल्लीचा स्विच झिजलेला असू शकतो. काही गाड्यांत कॉइलच्या आधी एक जोडरोध असतो. तो तुटला तरी हेच लक्षण दिसते, कारण सेल्फ मारताना वीज त्याला वगळून थेट कॉइलला मिळते.

थंड असताना ठीक चालते, तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, तर कॉइल, कंडेन्सर, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल किंवा पेट्रोलची वाफ यांवर संशय घ्यावा.

फक्त पावसात किंवा धुतल्यावर त्रास देते, तर टोपण आणि वायरी ओलावा धरत आहेत.

चढावर, भार असताना मिसिंग मारते, तर प्लगची फट वाढलेली आहे किंवा वायर फुटलेली आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे आधी जाणवते, कारण गॅस पेटवायला जास्त दाबाची ठिणगी लागते. पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर मिसिंग, असे असेल तर गॅसच्या किटला दोष देण्याआधी प्लग आणि वायरी पाहाव्यात.

हे लक्षण वहीत लिहून ठेवा. गॅरेजला जाण्याची वेळ आलीच तर उस्तादाला ‘गाडी चालत नाही’ एवढेच सांगण्यापेक्षा ही एक ओळ शंभर पट उपयोगी पडते.

पहिली पायरी : बॅटरी आणि अर्थिंग

रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी मीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२ किंवा त्याहून कमी असेल तर ती उतरलेली आहे. सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली गेले तर सेल्फ फिरेल, पण कॉइलला पुरेशी वीज उरणार नाही. कित्येकदा धक्का मारला की गाडी सुरू होते आणि सेल्फने होत नाही, त्याचे कारण हेच असते. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसत नसतील तर बॅटरी बदलून उपयोग नाही, चार्जिंगचा दोष काढावा लागेल.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारा. दिवे जवळजवळ विझले तर बॅटरी तरी कमजोर आहे किंवा तिची टर्मिनल सैल आहेत. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी कोमट पाण्याने धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा आणि वरून थोडे व्हॅसलिन लावा. त्याचबरोबर बॅटरीच्या ऋण टोकापासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणारी पट्टी पाहा. जुन्या गाडीत ही पट्टी गंजून नावालाच उरलेली असते आणि तिच्यामुळे अनेक चांगले भाग उगाच बदलले जातात.

दुसरी पायरी : ठिणगी आहे का?

इंजिनाचा प्लग काढून तपासण्याची पद्धत सर्वत्र आहे, परंतु रिकाम्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि शेजारीच ठिणगी पडत असते. म्हणून जवळचा जादा प्लग वापरा. एका प्लगची वायर काढून ती या जादा प्लगला लावा. प्लगची धातूची बाजू कार्बोरेटरपासून दूर, इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला नीट टेकवा. प्लग रबरी मुठीच्या पकडीत धरा. आता दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा.

निळसर, टपोरी आणि ‘टक् टक्’ आवाज करणारी ठिणगी पडली तर करंट चांगला आहे. पिवळट, बारीक ठिणगी म्हणजे करंट कमजोर आहे. काहीच पडले नाही तर पुढे जा.

ठिणगी चांगली असूनही गाडी पेटत नसेल तर ठिणगीच्या मागे लागू नका, पेट्रोल पाहा. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही. महिनाभर उभ्या असलेल्या गाडीत असा दोष ठिणगीचा वाटतो, पण असतो पेट्रोलचा.

तिसरी पायरी : दोष टोपणाच्या अलीकडे की पलीकडे?

प्लगला ठिणगी नसेल तर कॉइलची मधली जाड वायर टोपणातून काढा. तिचे टोक रबरी पकडीने इंजिनाच्या लोखंडापासून ५-६ मिलिमीटरवर धरा आणि सेल्फ मारा. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असेल तर हे अंतर वाढू देऊ नका, टोक मोकळे सोडले तर मॉड्यूल जळू शकते.

येथे जोरदार ठिणगी पडली तर कॉइल, पॉइंट, कंडेन्सर सगळे निर्दोष आहेत. दोष टोपण, रोटर, वायरी किंवा प्लग यांत आहे. येथेही ठिणगी नसेल तर दोष १२ व्होल्टच्या मार्गात किंवा खुद्द कॉइलमध्ये आहे. अंदाजाने बदलले जाणारे निम्मे भाग या एका तपासणीने वाचतात.

ठिणगी येथपर्यंत पोहोचत असेल तर

टोपण काढून उजेडात धरा. आत काळ्या रेघेसारखा माग दिसला तर तेथे वीज चुकीच्या वाटेने पळते आहे. अशी चीर घासून जात नाही, टोपण बदलावे लागते. मध्यभागी असलेली कोळशाची बारीक गोळी स्प्रिंगवर वरखाली होते का पाहा, ती झिजून किंवा पडून गेलेली असते. रोटरला तडा असेल तर तो बदला. त्याचे पितळी टोक कानशीने घासू नका, फट वाढते.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, सगळे भाग चांगले असूनही टोपणात दव धरते. कोरड्या फडक्याने टोपण आतून-बाहेरून पुसणे हाच बहुतेक वेळा उपाय असतो. रात्री अंधारात इंजिन चालू करून दुरून पाहिले तर फुटक्या वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते आणि ती उबदार जागा उंदरांना फार आवडते. म्हणून वायरी बोटांनी चाचपून त्यांच्यावर दातांच्या खुणा आहेत का ते इंजिन बंद असताना पाहावे.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. सगळ्या वायरी एकदम काढू नका. एकेक काढा, पुसा, परत लावा. ठिणगीचा क्रम मारुतीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनात १-३-२ असा आणि पद्मिनी व ॲम्बेसेडरमध्ये १-३-४-२ असा असतो. वायरींची अदलाबदल झाली तर चांगली गाडीही फटाके वाजवू लागते.

प्लगचा रंग

प्लग काढून ओळीने मांडा. कोणता प्लग कोणत्या सिलिंडरचा, हे वहीत लिहा. टोक बिस्किटी रंगाचे असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. काळे आणि तेलकट म्हणजे इंजिन ऑइल वर येत आहे, तो ठिणगीचा दोष नव्हे. पांढरे फटफटीत म्हणजे इंजिन जास्त तापते, पेट्रोल कमी पडते किंवा ठिणगी फार लवकर पडते. पेट्रोलने ओला असेल तर त्या सिलिंडरमध्ये ठिणगी पोहोचतच नाही.

एकच प्लग वेगळा दिसला तर तो शेजारच्या प्लगशी बदलून पाहा. दोष प्लगाबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला तर प्लग खराब आहे. दोष जागच्या जागी राहिला तर वायर, टोपण किंवा इंजिन पाहावे. या तपासणीला एक पैसाही लागत नाही.

प्लगची फट गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. ॲम्बेसेडरच्या जुन्या पेट्रोल इंजिनात ती सुमारे ०.६५ मिलिमीटर असते. हॅक्सॉचे साधे पाते साधारण एवढ्याच जाडीचे असते, म्हणून रस्त्यात गेज नसेल तर कारागीर त्याचा उपयोग करतात. घरी मात्र गेजच वापरावे.

तीन सिलिंडरच्या व्हॅनमध्ये एक सिलिंडर पेटत नसेल तर तिसरा हिस्सा ताकद जाते आणि त्या सिलिंडरचे पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर पडते. ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ असे म्हणणारा मालक रोज पेट्रोलच्या रूपाने दंड भरत असतो.

ठिणगी कॉइललाच नसेल तर

आता छोटा दिवा घ्या. त्याची एक तार इंजिनाच्या लोखंडाला लावा. किल्ली ऑन करा आणि दुसरी तार कॉइलच्या धन टोकाला, म्हणजे किल्लीकडून वीज येते त्या टोकाला लावा. दिवा लागला नाही तर कॉइलपर्यंत वीजच येत नाही. फ्यूज, किल्लीचा स्विच आणि मधली वायर तपासा.

दिवा लागला तर तीच तार कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडे वायर जाते तेथे लावा आणि सेल्फ मारायला सांगा. येथे तीन गोष्टी घडू शकतात.

दिवा लुकलुकला तर पॉइंट उघडझाप करत आहेत. तरीही कॉइलमधून ठिणगी नसेल तर कंडेन्सर किंवा कॉइल यांवर संशय येतो.

दिवा सतत लागून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर काजळी किंवा तेल आहे, किंवा आतली बारीक वायर तुटली आहे.

दिवा लागलाच नाही तर कॉइलमधली जाड तार तुटली आहे किंवा डिस्ट्रिब्युटरमध्ये वीज सरळ लोखंडाला मिळते आहे. आता किल्ली बंद करून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलवरून काढा आणि पुन्हा ऑन करून पाहा. दिवा लागला तर कॉइल ठीक, दोष डिस्ट्रिब्युटरमध्ये. नाही लागला तर कॉइल गेली.

मारुतीच्या कार्बोरेटरवाल्या गाड्यांत काहींत पॉइंट आणि काहींत इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आढळते. इलेक्ट्रॉनिक असेल आणि दिवा लुकलुकत नसेल तर आधी तिचे जोड काढून साफ करून घट्ट बसवा. एवढ्याने जमले नाही तर मॉड्यूलची तपासणी जाणकाराकडे सोपवा.

पॉइंट आणि कंडेन्सर

पॉइंटची टोके काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच साफ करा आणि स्वच्छ कागद मधून ओढून भुकटी काढा. मग रोटरच्या दांड्याचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली येईल असे इंजिन हाताने फिरवा आणि पूर्ण उघडलेली फट गेजने मोजा. बहुतेक जुन्या गाड्यांत ती ०.४० ते ०.५० मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. टाच जसजशी झिजते तसतशी फट कमी होते आणि ठिणगी उशिरा पडू लागते. म्हणून आधी फट आणि मग टायमिंग, हा क्रम कधीही उलटा करू नये. दांड्याला ग्रीसचा अगदी लहान ठिपका लावावा. जास्त लावले तर तेच पॉइंटवर उडते.

नवे पॉइंट थोड्याच दिवसांत जळून खड्डे पडत असतील तर दोष पॉइंटचा नाही. कंडेन्सर खराब आहे किंवा कॉइल चुकीची बसवली आहे. जोडरोधावर चालणाऱ्या कॉइलचा रोध सुमारे दीड ओहम असतो आणि थेट १२ व्होल्टवर चालणारीचा सुमारे ३ ओहम. पहिली कॉइल जोडरोध न लावता बसवली तर ती तापते आणि पॉइंट जाळते. कॉइल विकत घेताना हा फरक दुकानदाराला जरूर विचारा.

तापल्यावर बंद पडणारी गाडी

या दोषात लोक सर्वांत जास्त फसतात, कारण गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी थंड होऊन नीट चालू लागते. उपाय एकच आहे. गाडी जेथे बंद पडेल तेथेच, सुरक्षित बाजूला घेऊन, लगेच जादा प्लगने ठिणगी पाहा. ठिणगी नसेल तर कॉइल, कंडेन्सर किंवा मॉड्यूल. ठिणगी चांगली असेल तर पेट्रोलची नळी किंवा पंप तापून आत वाफ धरली आहे. ओले फडके पेट्रोल पंपावर ठेवण्याची टॅक्सीवाल्यांची जुनी रीत याच दोषासाठी आहे, कॉइलसाठी नाही. गळणाऱ्या पेट्रोलजवळ ही तपासणी करू नये, हे पुन्हा सांगतो.

घरी कोठे थांबावे?

टायमिंग लावणे, डिस्ट्रिब्युटर उपसणे आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रणा उघडणे ही कामे अनुभवी कारागिराचीच आहेत. ठिणगी उशिरा पडत असेल तर गाडी तापते, चढ ओढत नाही आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात. फार लवकर पडत असेल तर ओढताना खडखड आवाज येतो आणि सेल्फ उलटा झटका देतो. ही लक्षणे ओळखावीत, पण डिस्ट्रिब्युटर अंदाजाने फिरवू नये. टायमिंग लाइट असलेल्या गॅरेजमध्येच ते काम करून घ्यावे.

शेवटी दोन शब्द मालकांसाठी आणि दोन कारागीर बंधूंसाठी. मालकांनी एका वेळी एकच गोष्ट बदलावी, लगेच गाडी चालवून पाहावी आणि तारखेसह वहीत लिहावे. दोन भाग एकदम बदलले तर कोणत्या भागाने गुण आला हे कळत नाही. काढलेला भाग चांगला निघाला तर तो फेकू नये, प्रवासात जादा म्हणून उपयोगी येतो. नवा भाग पावती घेऊन, नावाजलेल्या बनावटीचाच घ्यावा. नकली पॉइंट आणि कंडेन्सर नवे असतानाच दगा देतात.

कारागीर बंधूंनी गिऱ्हाइकाला ठिणगी दाखवावी, जळालेला भाग त्याच्या हातात द्यावा आणि दोष शोधण्याची मजुरी उघडपणे मागावी. दोष शोधणे हेच खरे हुनर आहे, भाग बदलणे तर कोणीही करील. दोष शोधण्याची मजुरी न देणारे गिऱ्हाईक आणि ती मजुरी नको असलेल्या भागाच्या किमतीतून वसूल करणारा कारागीर, दोघेही एकमेकांचे नुकसान करतात. पॉइंट आणि कार्बोरेटर जाणणारे हात आता कमी होत चालले आहेत. जुनी गाडी ठेवणाऱ्याने अशा उस्तादाला धरून राहावे, आणि उस्तादाने आपल्या हाताखालच्या मुलाला पाना देण्याआधी हातात तो छोटा दिवा द्यावा.